अंगणातले विष आणि घरातले मूल



चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळाच्या संगोपनाचा विचार करताना खेळण्यांविषयी एक छोटीशी सूचना आली आहे. खेळणी रंगीबेरंगी असावीत, वाजणारी असावीत, मनाला रमविणारी असावीत. पण ती जड नसावीत, त्यांची टोके तीक्ष्ण नसावीत, ती मुलाच्या तोंडात जाणारी नसावीत, जिवावर बेतणारी नसावीत आणि भीती उपजविणारी नसावीत, असा तिचा आशय आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वैद्याने मूल किती बारकाईने पाहिले होते, हे या एका सूचनेवरून कळते. आपण जग डोळ्यांनी पाहतो, कानांनी ऐकतो; दीड वर्षाचे मूल ते तोंडाने जाणून घेते. हाती आलेली वस्तू प्रथम तोंडात जाते, आणि ती काय आहे याचा निर्णय मागाहून होतो. कधी कधी तो निर्णय करायला फार उशीर झालेला असतो.

दुकानातून आणलेल्या खेळण्याला चरकाची ही अट लावणे सोपे आहे. आजचे कायदेही तेच करतात. परंतु मुलाचे पहिले खेळणे दुकानातून येतच नाही. ते अंगणात पडलेले असते. कण्हेरीचे गळलेले फूल, एरंडाची चट्ट्यापट्ट्यांची चकचकीत बी, तांबडी-काळी गुंज, बिट्टीचे हिरवे फळ ही सगळी चरकाच्या पहिल्या तीन अटींत पूर्ण उतरतात. ती सुंदर असतात आणि मुलाला तासन् तास रमवितात. वाळलेल्या शेंगा तर खुळखुळतातही. चुकते ते नेमके पुढच्या दोन अटींत. ती तोंडात जातात, आणि जिवावर बेततात.

आता कोणी विचारील की, हा विषय वैद्याचा. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात काय काम? काम आहे ते असे. आपल्या अंगणातले प्रत्येक झाड कधी ना कधी कोठून तरी आले आहे, आणि त्याच्याविषयीची सावधगिरीही कोणी तरी, कधी तरी, बहुधा मोठी किंमत देऊन शिकले आहे. झाड आणि त्याची जाण या दोन गोष्टी एकत्र नांदतात तोवर मूल बऱ्यापैकी सुरक्षित असते. झाड पुढे येते आणि जाण मागे राहते, तेव्हा मूल उघडे पडते. गेल्या चार-पाचशे वर्षांत आपल्याकडे हेच वारंवार घडले आहे, असे मला दाखवावयाचे आहे.

प्रथम जुन्या झाडांचा विचार करू. सुश्रुताने कल्पस्थानात विषांचे स्थावर आणि जंगम असे दोन वर्ग केले. आणि स्थावर विष झाडात व खनिजात कोठे कोठे असते त्याच्या दहा जागा सांगितल्या. मूळ, पान, फळ, फूल, साल, चीक, गाभा, डिंक, धातू आणि कंद अशा त्या जागा होत. एकाच झाडाचे फळ गोड आणि मूळ घातक असू शकते, ही गोष्ट या वर्गीकरणात गृहीतच धरलेली आहे. मूळविषांच्या यादीत दोन नावे अशी आहेत की, ती आपल्या आजच्या कुंपणावरही सापडतील. एक गुंजा, आणि दुसरे अश्वमार. अश्वमार म्हणजे कण्हेर. घोड्याला मारणारी म्हणून अश्वमार. पुढे रसशास्त्राच्या ग्रंथांनी उपविषांचा म्हणून जो गट बांधला, त्यात रुई, निवडुंग, कळलावी, कण्हेर, गुंज, अफू आणि धोत्रा ही नावे ठरून गेली. यांतील अफू सोडली तर बाकी सगळी मंडळी महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावच्या वेशीपासून देवळापर्यंतच्या वाटेवर भेटतात.

विषारी म्हणून ग्रंथात नोंदलेली ही झाडे आपल्या पूर्वजांनी उपटून टाकली नाहीत. त्यांनी ती देवाला वाहिली. धोत्र्याचे फूल आणि काटेरी फळ शंकराला, रुईच्या पानांची माळ मारुतीला, कण्हेरीची फुले सगळ्याच देवांना. गणेशचतुर्थीच्या एकवीस पत्रींत दूर्वा, तुळस, आघाडा यांच्याबरोबर धोत्रा, कण्हेर आणि रुई यांची पाने आहेत. याचा धार्मिक अर्थ काय तो जाणकारांनी सांगावा. मला त्यातली व्यवहाराची बाजू महत्त्वाची वाटते. पत्री गोळा करावयास मुलांना धाडण्याची चाल होती. त्यांच्याबरोबर आजी किंवा थोरला भाऊ असे. हा आघाडा, हा माका, ही शमी, आणि हा धोत्रा, हा तोडलास तर हात धू, तोंडात घालू नकोस, असा तो धडा दरवर्षी भाद्रपदात एकदा होई. वनस्पतिशास्त्राचे पुस्तक न उघडता आठ-दहा वर्षांच्या मुलाला वीस-एकवीस झाडे पानांवरून ओळखता येत, आणि त्यांतली कोणती जपून हाताळावयाची तेही कळे. मग हेच मूल पाठच्या भावंडांवर लक्ष ठेवी. आज पत्रीची जुडी मंडईत बांधून मिळते. पूजा तितकीच यथासांग होते; धडा मात्र बंद पडला.

दुसरे शिक्षण स्वयंपाकघरात होत असे. अळू खाजरे असते, त्याने घसा धरतो, हे मराठी घरात कोणाला सांगावे लागत नाही. फदफदे करावयाचे तर त्यात चिंच किंवा आंबट चुका पडलाच पाहिजे आणि अळू नीट शिजलेच पाहिजे. अळवाच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते जिभेला व घशाला टोचतात, हे रसायनशास्त्राने फार उशिरा सांगितले. आईने ते लेकीला आधीच शिकविले होते. तेही स्फटिक हा शब्द न वापरता.

तिसरे शिक्षण भाषेतच होते. अश्वमार हे नाव उच्चारताच माणूस सावध होतो. कळलावीच्या नावात कळ आहे. खाजकुइलीची शेंग पाहिली नसली तरी नाव ऐकून तिला हात लावावासा वाटत नाही. आपल्या लोकांनी झाडांना नावे ठेवताना पुढच्या पिढीसाठी एकेक पाटी लावून ठेवली होती.

ही व्यवस्था निर्दोष होती असे मी म्हणत नाही. जुन्या काळी मुले दगावत नव्हती, असे मानावयाला मुळीच आधार नाही. सोनाराच्या तराजूत गुंज असे; आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे शहाण्णव गुंजांचा तोळा होई. घरोघरी हाताळल्या जाणाऱ्या या बीचे कवच इतके टणक असते की, अखंड गिळली तर ती बहुधा जशीच्या तशी पोटातून निघून जाते. पण तीच बी चावली गेली, किंवा माळेत ओवण्यासाठी तिला भोक पाडले, की आतले विष मोकळे होते. हा फरक सर्वांना ठाऊक असेल असे नाही. तरीही एकंदरीने पाहता झाड, त्याचे नाव, त्याचा उपयोग आणि त्याची भीती ही चारही एकाच गावात, एकाच भाषेत आणि बहुधा एकाच म्हातारीच्या तोंडी सापडत, एवढे खास.

सोळाव्या शतकापासून या व्यवस्थेला तडा गेला. अमेरिका खंडाशी जहाजांची ये-जा सुरू झाली आणि तिकडची झाडे जगभर पसरू लागली. मिरची, बटाटा, पेरू, सीताफळ ही आपण आनंदाने पत्करली. त्यांच्याबरोबर आणखीही पाहुणे आले. मोगली एरंड हा त्यांतलाच एक. मध्य अमेरिकेतले हे झाड पोर्तुगीज दर्यावर्द्यांनी आफ्रिकेत आणि आशियात पसरविले असे मानले जाते. केप व्हर्दे बेटांवर त्याची लागवड होऊन बियांचे तेल लिस्बनमधल्या दिव्यांसाठी जात असे. गुरे-शेळ्या त्याला तोंड लावीत नाहीत, म्हणून कुंपणाला ते उत्तम. मोगली हे विशेषण लावून आपल्या लोकांनी ते परके असल्याची नोंद केली. ते घातक असल्याची नोंद मात्र नावात झाली नाही. उलट पुढे त्याला चंद्रज्योत, रतनज्योत अशी मोहक नावे पडली.

पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, हीही अमेरिकेतलीच. तिच्या शास्त्रीय नावात आंद्रे थेव्हे या फ्रेंच धर्मोपदेशकाचे नाव गुंफलेले आहे. हा गृहस्थ १५५५ साली ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरला आणि १५५७ साली त्याने आपला प्रवासवृत्तान्त छापला. त्यात त्याने बिट्टीच्याच जातकुळीतल्या एका झाडाचे वर्णन केले आहे. तेथील लोक त्या फळाचे विष पुरते ओळखून होते. आतला गर काढून टाकलेल्या पोकळ कवचांची ते घुंगरे करीत आणि नाचताना पायांत बांधीत. म्हणजे या कुळीतले काय टाकावे आणि काय वापरावे, हे ज्ञान तिच्या मायदेशी पक्के होते. बिट्टी समुद्र ओलांडून आमच्या देवळापाशी आली. ज्ञान तिकडेच राहिले. आमच्याकडे पोरींनी सागरगोट्यांप्रमाणे बिट्ट्या खेळावयाला घेतल्या, त्या आतल्या बियांसकट.

एकोणिसाव्या शतकात या ये-जा करण्याला वेग आला. कलकत्त्याचे वनस्पतिउद्यान १७८७ साली स्थापन झाले होते. घाणेरी तेथे त्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणून आली आणि पुढे साऱ्या देशाच्या डोंगरउतारांवर पसरली. मुंबईची राणीची बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. दरम्यान लंडनमधील नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरला असे आढळून आले होते की, बंद काचपेटीत झाड स्वतःच्याच ओलाव्यावर कित्येक महिने जगते. १८३३ साली अशा दोन पेट्या जहाजावरून ऑस्ट्रेलियाला पाठविल्या गेल्या आणि झाडे जिवंत पोहोचली. तोपर्यंत खारे वारे आणि ऊन यांमुळे समुद्रप्रवासात बहुतेक रोपे मरत. आता कोणत्याही खंडातले झाड कोणत्याही खंडातल्या दिवाणखान्यात नेता येऊ लागले. अमेरिकेच्या उष्ण जंगलातला डिफेनबेकिया, आफ्रिकेतले अडेनियम, पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावरचा मनी प्लांट ही मंडळी आज पुण्या-मुंबईच्या सदनिकांत कुंडीकुंडीतून दिसतात, त्यामागे हा इतिहास आहे.

या नव्या पाहुण्यांची नाती पाहिली म्हणजे माझा मुद्दा स्पष्ट होईल. डिफेनबेकिया हा अळवाच्या कुळातला. त्यातही तेच सुईसारखे स्फटिक. त्याचे पान चावले तर मुलाचे ओठ, जीभ, घसा सुजतो, लाळ गळते, बोलणे अडते. मनी प्लांट त्याच कुळातला, थोडा सौम्य. अडेनियम कण्हेरीच्या कुळातले. आफ्रिकेत त्याच्या चिकाने बाणांची टोके माखीत. बिट्टीही त्याच कुळातली. मोगली एरंड आपल्या जुन्या एरंडाच्या कुळातला. म्हणजे विषे नवी नाहीत. ज्या अळवाला आपण चिंचेशिवाय शिजवीत नाही, त्याचाच भाऊबंद आपण रांगत्या मुलाच्या उंचीवर, चकचकीत कुंडीत आणून ठेवतो. आणि अश्वमार म्हणून जिला ओळखले, तिची बहीण गच्चीवर गुलाबी फुलांसाठी लावतो. ओळख तुटली ती नावामुळे. मनी प्लांट या नावात तर धोक्याची पाटी नाहीच. उलट लक्ष्मी येईल असे आश्वासन आहे!

याच काळात शास्त्र मात्र झपाट्याने पुढे जात होते. इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग याने १७८५ साली डिजिटॅलिस या झाडावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे लक्ष या झाडाकडे वळले ते श्रॉपशायर परगण्यातल्या एका वृद्ध स्त्रीच्या घरगुती औषधामुळे, हे त्याने मोकळेपणाने नमूद केले आहे. डिजिटॅलिसमधील द्रव्ये हृदयाची गती आणि ठोका बदलतात. आणि कण्हेर व बिट्टी यांतली द्रव्येही त्याच जातीची आहेत, हे पुढे सिद्ध झाले. आमच्याकडे गुंजेचा उपयोग गुरे मारण्यासाठी होत असे. गुंजा वाटून त्यांच्या सुया करीत आणि कातड्याच्या लोभाने गुरांना टोचीत. या गुन्ह्यांच्या तपासातून वॉर्डन आणि वॅडेल या संशोधकांनी कलकत्त्यात १८८४ साली दाखवून दिले की, गुंजेचे विष हे जंतूंचे काम नसून बीमधल्या प्रथिनाचे आहे. एरंडातले तशाच प्रकारचे विष १८८८ साली स्टिलमार्क याने वेगळे काढून त्याला रिसिन हे नाव दिले.

आणि येथे एका मराठी माणसाचे नाव आदराने घेतले पाहिजे. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे सैन्याच्या वैद्यकीय सेवेतले अधिकारी, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि मराठीचे कवी. १९०९ साली बडोद्याला भरलेल्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. मेजर बसू यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९१८ साली प्रसिद्ध झाला, आणि तो आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. त्यापूर्वीच, १८९० नंतरच्या दशकात, त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबईतल्या विषारी वनस्पतींवर एक लेखमाला लिहिली होती. म्हणजे आपल्या परिसरातल्या विषारी झाडांची ओळख व्हावी याची तळमळ वाटणारा जाणता मराठी पुरुष सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेला. मात्र लेखमाला इंग्रजीत होती. ती डॉक्टरांनी वाचली, न्यायाधीशांनी वाचली. माजघरात ती पोहोचली नाही. आजीचे तोंडी ज्ञान ओसरत होते आणि नवे छापील ज्ञान तिच्या नातीच्या भाषेत उतरत नव्हते. या दोहोंच्या मधल्या फटीत मूल सापडले.

ही फट किती महाग पडते, याचे उदाहरण फार जुने नाही. २००३ साली तत्कालीन योजना आयोगाच्या समितीने जैवइंधनासाठी मोगली एरंडाची मोठ्या प्रमाणावर लागवड करावी, अशी शिफारस केली. बियांच्या तेलापासून डिझेल, पडीक जमिनीचा उपयोग, गरिबांना रोजगार अशी ती योजना होती, आणि हेतू चांगलाच होता. रोपवाटिकांतून रोपे वाटली गेली. पडीक जमिनी, रस्त्यांच्या कडा आणि बांध त्यांनी भरले. डिझेलचे स्वप्न बऱ्याच अंशी विरले, झाडे मात्र राहिली. या झाडाचे बी चवीला शेंगदाण्या-बदामासारखे लागते. एका मुलाने फोडून खाल्ले की ते चारचौघांना वाटून खातात; म्हणून ही विषबाधा एकेकट्या मुलाला क्वचितच होते, ती वर्गाच्या वर्गाला होते. चंद्रज्योतीच्या बिया खाऊन शाळकरी मुलांना उलट्या-जुलाब झाले, दवाखान्यात हलविले, अशी बातमी मराठी वृत्तपत्रांत पुन्हा पुन्हा येते. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक मुले बरी होतात. परंतु प्रश्न असा की, रोपाबरोबर तेलाचा हिशेब सांगणारे पत्रक गावोगाव गेले. त्याच पत्रकात, बी मुलांपासून दूर ठेवा, हे एक वाक्य ठळक छापावयाला किती शाई लागली असती?

येथे दुसऱ्या टोकाचाही विचार केला पाहिजे, कारण अज्ञान जसे घातक, तशी आंधळी भीतीही निरुपयोगी. पॉइन्सेटिया हे तांबड्या पानांचे मेक्सिकोतले झाड तेथील अमेरिकन वकील जोएल पॉइन्सेट याने १८२८ च्या सुमारास आपल्या देशी धाडले. १९१९ साली हवाई बेटावर त्याचे पान खाऊन एक मूल दगावले अशी कथा पसरली, आणि पुढे कित्येक दशके ती पाठ्यपुस्तकांतूनही फिरत राहिली. नंतर ती निराधार ठरली. १९९६ साली अमेरिकेतील विषमाहिती केंद्रांकडच्या २२,७९३ नोंदी तपासून पाहिल्या तेव्हा त्यांत एकही मृत्यू आढळला नाही. घाणेरीचेही तसेच. १९६४ साली फ्लोरिडातील डॉक्टरांनी तिची हिरवी फळे खाल्लेल्या १७ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतले एक मूल दगावले होते. पुढे २०१० साली कॅलिफोर्नियातील सहाशेंहून अधिक नोंदी पाहिल्यावर बहुतेक मुलांना काहीही त्रास झाला नसल्याचे दिसले. गुरांना मात्र ती खरोखरच बाधते. तात्पर्य, सगळीच झाडे विषारी समजून अंगण सपाट करणे हा उपाय नव्हे. ज्या मुलाला सगळ्याच झाडांची भीती घातली, त्याला कोणत्याच झाडाची खरी भीती उरत नाही. कोणते सौम्य, कोणते तीव्र, हे नेमके ठाऊक असणे यालाच जाण म्हणतात.

उपचारांचा इतिहासही असाच शिकण्यासारखा आहे. विष पोटात गेले की ओकारी काढावी, ही समजूत जगभर होती. आपल्याकडे मिठाचे पाणी पाजीत. पाश्चात्त्य देशांत ब्राझीलमधल्या इपेकॅक या मुळीचे सरबत देत. १९६५ साली अमेरिकेत ते चिठ्ठीशिवाय विकण्यास परवानगी मिळाली आणि लहान मुले असलेल्या घरात त्याची बाटली हवीच, असा उपदेश डॉक्टरच करू लागले. पुढे अनुभव जमत गेला. ओकारीने विष पुरते बाहेर पडतेच असे नाही, मूल गुंगीत असेल तर ओकारी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, आणि रुग्णालयातला खरा उपचार लांबतो, असे दिसून आले. अखेर २००३ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने, हे सरबत घरी देऊ नये, असे जाहीर केले. मिठाचे पाणी तर त्याहून वाईट. रक्तातले मीठ वाढून त्यानेच मूल दगावू शकते.

ओकारीच्या जागी जे आले ते औषध नव्हे; ती माहिती होय. शिकागो शहरात १९५३ साली पहिले विषनियंत्रण केंद्र सुरू झाले. लुई गडालमन नावाच्या रुग्णालयातल्या एका औषधनिर्मात्याने विषांची टिपणे वर्षानुवर्षे जमविली होती. डॉक्टर विचारीत आणि तो सांगे. त्या टिपणांतून आणि डॉ. एडवर्ड प्रेस यांच्या पुढाकारातून हे केंद्र उभे राहिले. भारतात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विषमाहिती केंद्र १९९५ साली निघाले. विचार केला तर ही केंद्रे म्हणजे दुसरे काय आहे? पूर्वी गावातल्या एका जाणत्या म्हातारीला जे विचारावयाचे, ते आता दूरध्वनीवर विचारावयाचे. मात्र तेव्हा आणि आताही एक प्रश्न आधी सुटावा लागतो: मुलाने खाल्ले ते झाड कोणते? नाव ठाऊक नसेल तर जाणकारही थांबतो.

म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. त्या सगळ्या याच इतिहासातून निघतात. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर कण्हेर, बिट्टी, अडेनियम, धोत्रा, एरंड, मोगली एरंड, गुंज आणि कळलावी यांना त्याच्या हाताच्या टप्प्यात जागा देऊ नये. डिफेनबेकियाची कुंडी जमिनीवर ठेवू नये. छाटलेल्या फांद्या, गळलेली फळे आणि पूजेचे निर्माल्य त्याच दिवशी उचलावे. रांगणाऱ्या मुलाला झाडापेक्षा झाडाखाली पडलेलेच आधी सापडते. बियांच्या माळा मुलाच्या गळ्यात घालू नयेत. २०११ साली ब्रिटनमध्ये ईडन प्रोजेक्ट या प्रसिद्ध उद्यानाला गुंजांची विकलेली कंकणे परत मागवावी लागली, हे लक्षात ठेवावे. शाळेच्या कुंपणाला मोगली एरंड असेल तर तो काढावा. तेथे मुले डबा खातात. सुटीत शहरातली मुले आजोळी जातात. तेथले कुंपण तेथल्या मुलांना ठाऊक असते, या पाहुण्यांना नसते. तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना अंगण दाखवावे.

मुलाने काही खाल्लेच, तर तोंडातला चोथा बोटाने काढावा, तोंड पाण्याने पुसून घ्यावे, ओकारी काढू नये, मिठाचे पाणी पाजू नये. झाडाची पानाफळांसह फांदी बरोबर घ्यावी. किती वाजता, काय आणि अंदाजे किती खाल्ले ते लक्षात ठेवावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा सरळ रुग्णालय गाठावे. कण्हेर, बिट्टी आणि अडेनियम यांच्या बाबतीत मूल हसते-खेळते आहे म्हणून वाट पाहू नये. हृदयावरचा परिणाम काही तासांनीही होतो. या विषावर प्रतिपिंडांचा उतारा आहे, आणि श्रीलंकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचा गुणही दिसला. पण तो महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही. रुईचा किंवा शेराचा चीक डोळ्यात गेला तर चोळू न देता स्वच्छ पाण्याच्या धारेने पंधरा-वीस मिनिटे डोळा धूत राहावे आणि मग डॉक्टरकडे न्यावे.

कोणी म्हणेल, एवढे लक्षात कोण ठेवील? आपल्या आज्या ठेवीत होत्या. त्यांच्याकडे यादी नव्हती. त्यांच्याकडे सण होते, स्वयंपाक होता आणि नावे होती. ती साधने आजही आपल्या हाती आहेत. रोप विकत आणताना विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत: याचे नाव काय, आणि मुलाने चावले तर काय होईल? पहिल्याचे उत्तर त्याला येईल. दुसऱ्याचे पुष्कळदा येणार नाही. शंभर गिऱ्हाइकांनी विचारले म्हणजे तो शिकून ठेवील. पंचायतींनी, वनखात्याने, नगरपालिकांच्या उद्यानांनी झाडांवर लावलेल्या पाट्यांत शास्त्रीय नावाखाली मराठीत एक ओळ वाढवावी. आणि येत्या भाद्रपदात पत्रीची जुडी मंडईतून आणली, तरी ती देवापुढे ठेवण्याआधी घरातल्या मुलापुढे सोडावी. हा आघाडा, हा माका, ही शमी. आणि हा धोत्रा. देवाचा आहे, आपल्या खाण्याचा नव्हे.